सुनावणीला एकटी

गल्लीला घरपट्टी एकदम हमरस्त्याच्या दराने आली, तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा केला तो शिंपीणबाईंच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. नगरपालिकेतल्या सुनावणीला मात्र शिंपीणबाई एकट्याच गेल्या. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला उगाच साहेबांच्या नजरेत यायचं नव्हतं.

"साहेब, आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा वळत नाही. हमरस्त्याचा दर कसा लावलात? एकदा येऊन तर बघा."

दर खेपेला 'उद्या या' ऐकून त्या परत यायच्या. शेवटी एके दिवशी त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. वैतागून साहेब गल्ली बघायला निघाले. गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली आणि साहेबांना अंग चोरत आत चालत यावं लागलं.

सगळ्या गल्लीचा दर उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोस्टमास्तर दारात हजर.

"ताई, आता पाणीपट्टीचंही तेवढं बघा."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "चला काका, चपला घाला. या वेळी तुम्ही बोला, मी सोबत येते."

"मी? मला कुठं जमतं साहेबांशी बोलायला?"

"मलाही जमत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कोणी आलाच नाहीत ना."