देवळावरची रेघ

देवळाच्या भिंतीवर ब्रशनं लाल रेघ मारून साहेब मागं सरले, तशी शेवंताबाईनं किटलीतून त्यांना चहा ओतून दिला. "रस्ता कुठवर आनताय म्हनं, सायेब?"

"रस्ता नाही हो मावशी, तलाव." साहेब उत्साहानं सांगू लागले. उन्हापासून केलेली वीज दिवसा उरते आणि रात्री नसते. ती साठवायला सरकारनं नवं धोरण आणलंय. उरलेल्या विजेवर खालच्या धरणाचं पाणी दिवसा इथं पठारावर चढवायचं, रात्री तेच खाली सोडून पुन्हा वीज करायची. "या रेघेपर्यंत पाणी येईल."

शेवंताबाईच्या हातातली किटली कलंडली. पायाला चटका बसला, तरी तिला कळलं नाही. रेघ देवळाच्या दाराच्याही वर होती.

त्याच धरणानं खालचं गाव गिळलं, तेव्हा तिच्या अंगावरची हळदही उतरली नव्हती. सासऱ्यांनी देव डोक्यावर घेतला, सगळ्या गावाला डोंगर चढायला लावला आणि इथं माथ्यावर हे देऊळ बांधलं.

"काय म्हनतोय गं सायेब?" पारावरून सासऱ्यांनीच विचारलं.

तिनं रेघेकडं बोट केलं. "खालचं पानी हितं वर येनार म्हनं, मामा."

"खुळी का काय तू? पानी कदी डोंगर चढतंय व्हय?"

म्हातारा बोळकं पसरून खदखदून हसला. पारावरचं बाकी कुणीच हसेना, म्हणून त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब हातातला लाल ब्रश पाठीमागं लपवत होते.