कोरडा पेला

तबीथा धर्मविद्यालयात पहिली आली, तेव्हा बाबांनी ती चर्चमध्ये देईल त्या पहिल्या प्रभुभोजनाच्या द्राक्षारसासाठी करवंटी घासून पेला केला. न्यू गिनीच्या त्या किनाऱ्यावर बाईला पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, दीक्षा मिळत नाही; आणि दीक्षेशिवाय प्रभुभोजन देता येत नाही. पेला सोळा वर्षं कोरडाच राहिला. शेवटच्या घटका मोजताना बाबा तोच मागत होते. गावचा पाळक झालेला तिचा धाकटा भाऊ गेडिसा चांदीचा पेला घेऊन बसला. “तिच्या हातून,” बाबा म्हणाले. “चर्चची मंडळी माझा पाळकाचा झगा उतरवेल, बाबा!” “उतरवू दे. आत माणूस आहे का, ते कळेल.” “घ्या हो त्याच्याकडून,” तबीथा काकुळतीने म्हणाली. बाबांनी ओठ मिटले. घरघर लागली तेव्हा गेडिसाने द्राक्षारस करवंटीत ओतला. “ताई, लवकर!” तिने पेला बाबांच्या ओठांना लावला, रस हनुवटीवरून ओघळला. बाबा गेले होते. गेडिसाने झगा उतरवला, तिच्यापुढे गुडघे टेकले. “उरलाय त्यात. मला दे, ताई.”