दोन तारे

"विचारा त्याला," नगराध्यक्ष टफनेल म्हणाले, "आमचाच हॉल का निवडला?"

म्यूरिएल हॉबडे खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. खाटेवर जर्मन वैमानिक होता, एक पाय प्लॅस्टरमध्ये. गेल्या आठवड्यात त्याचं विमान विनकोटबाहेरच्या सलगमच्या शेतात कोसळलं होतं. लष्कराची माणसं त्याला आज न्यायला येणार होती. त्याआधी टफनेल यांनी इस्पितळाच्या मेट्रनला गळ घालून थोडा वेळ मिळवला होता. सोबत गावच्या पुरातन वास्तू मंडळाच्या अध्यक्षा मिसेस पोलर्ड होत्या. चहाच्या आमंत्रणाला जावं तशी हॅट घालून आल्या होत्या. सबंध गावात जर्मन येत होतं ते एकट्या म्यूरिएलला.

प्रश्न गावाच्या अब्रूचा होता. १९४२च्या त्या वसंतात जर्मन विमानं इंग्लंडमधली जुनी, देखणी शहरं वेचून वेचून फोडत होती. एक्सेटर झालं, बाथ झालं, नॉरिच झालं. जर्मनांच्या प्रवास-पुस्तकात ज्या ठिकाणांना तारे आहेत, ती सगळी धुळीला मिळवायचा बेत आहे, असं जो तो सांगत होता. शेजारच्या हॅलमिन्स्टरच्या कॅथीड्रलला दोन तारे होते आणि त्याचा एक मनोरा पडलाही होता. तेव्हापासून हॅलमिन्स्टरवाले जमिनीवरून चालेनासे झाले होते. विनकोटबद्दल त्या पुस्तकात एकच ओळ होती: 'हॅलमिन्स्टरसाठी येथे गाडी बदलावी.'

अशात, हे विमान कोसळलं त्याच रात्री, विनकोटच्या गिल्डहॉलवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहावर, बॉम्ब पडला. गाव हळहळलं, पण मान ताठ ठेवून. बेकरीपुढच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली. हॅलमिन्स्टरवाल्यांना मात्र ते बघवलं नाही. तुमची ती वखार पडली म्हणे, आम्हाला वाटलं वाऱ्यानंच, असं त्यांनी बाजारात ऐकवून घेतलं. त्यांच्या मते तो वाट चुकलेला बॉम्ब होता. टफनेल यांच्या खिशात तर संगमरवरी पाटीचा मजकूर तयार होता: 'शत्रूने हेतुपुरस्सर नष्ट केलेली प्राचीन वास्तू.' सगळं त्या 'हेतुपुरस्सर'पाशी अडलं होतं.

हॉलबरोबर म्यूरिएलचे वडीलही गेले होते. हवाई हल्ल्यात आग लागली तर विझवायला त्या रात्री ते आत पहाऱ्यावर होते. सापडले ते ओकच्या मोठ्या तुळईखाली. ही तुळई पंधराव्या शतकातली आहे, हे लोकांना पटवण्यात त्यांचा जन्म गेला होता. हॅलमिन्स्टरच्या विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेलं. मग ते थेट त्या जर्मन पुस्तकाच्या प्रकाशकांनाच पत्रं लिहू लागले. हॉलला एक तारा द्यावा, एवढंच मागणं. पत्रं शुद्ध जर्मनमध्ये जावीत म्हणून म्यूरिएल ती भाषा शिकली. उत्तर कधी आलं नाही.

अंत्यविधीला सगळं गाव लोटलं. व्हिकरसाहेबांचं प्रवचन तुळईपासून सुरू झालं आणि बराच वेळ तुळईवरच राहिलं. मिसेस पोलर्ड यांनी म्यूरिएलचे दोन्ही हात हातात घेतले आणि असं कोरीवकाम पुन्हा होणे नाही म्हणून डोळे टिपले. म्यूरिएलने त्यांचे आभार मानले होते.

आता तिने प्रश्न जर्मनमधून विचारला. वैमानिक गोंधळला. कुठला हॉल, हेच त्याला कळेना. मग तो सांगू लागला. त्यांना हॅलमिन्स्टरवर जायचं होतं. वाटेतच एका इंजिनाने पेट घेतला. ओझं कमी करायला त्यांनी बॉम्ब टाकून दिले. खाली मिट्ट काळोख होता, शेतं असतील असं वाटलं. या गावाला काय म्हणतात, ते त्याला अजूनही माहीत नव्हतं.

म्हणजे बॉम्बसुद्धा हॅलमिन्स्टरचाच. विनकोटला त्याने नुसती गाडी बदलली होती.

"खाली कुणी नव्हतं ना?" वैमानिकाने विचारलं.

म्यूरिएलने मान वळवली. टफनेल श्वास रोखून उभे होते. हे खरं या खोलीबाहेर पडलं, की संध्याकाळच्या आत हॅलमिन्स्टरला पोचणार होतं. हॉबडे नावाचा एक हट्टी म्हातारा कुणीतरी फेकून दिलेल्या ओझ्याखाली मेला, असं तिथे चहाबरोबर सांगितलं जाणार होतं.

"काय म्हणतो?" टफनेल यांनी विचारलं.

"म्हणतो, त्यांना खास हुकूम होता," म्यूरिएल म्हणाली. "हॅलमिन्स्टर बाजूला ठेवून ते आपला हॉल शोधत आले. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्याला तारे मिळालेत."

"किती?"

"दोन."

"तुळईला वेगळा नाही?" मिसेस पोलर्ड यांनी विचारलं.

टफनेल यांचे डोळे भरून आले. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं त्यांनी मिसेस पोलर्डना दोनदा ऐकवलं. मग ते खाटेजवळ गेले, शत्रूचा हात हातात घेऊन चांगला हलवला आणि आपली तंबाखूची डबी त्याच्या पांघरुणावर ठेवली. मिसेस पोलर्ड यांनी त्याची उशी सारखी केली. मुलगा घरंदाज दिसतो, त्याला जुन्याची पारख आहे, असं त्या म्हणाल्या. पाटीच्या अनावरणाला हॅलमिन्स्टरच्या नगराध्यक्षांना बोलवायचं आणि अगदी पहिल्या रांगेत बसवायचं, यावर दोघांचं दारापर्यंत जाता जाता एकमत झालं.

म्यूरिएलने स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं. वैमानिक डबीकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"एवढे खूश कशाने झाले ते?" त्याने विचारलं. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही माझ्या वडिलांना ठरवून मारलंत, असं सांगितलं," म्यूरिएल म्हणाली.