चढावरची माणुसकी

“दमलो बुवा,” म्हणत खुटाळेकाका वळणावरच्या कठड्यावर टेकले. अजिंक्यताऱ्याच्या चढावर हे रोजचंच होतं. काका ऐंशीला टेकलेले, शेजारचे भास्करराव साठीतले. “बसा निवांत, मला कुठं घाई आहे?” असं म्हणून भास्कररावही बसत आणि घरी आल्यावर बायकोला सांगत, “म्हाताऱ्यासाठी पाय आवरावे लागतात. पण तेवढीच माणुसकी.” स्वतःच्या या चांगुलपणावर त्यांचा भारी जीव होता.

रविवारी ते उशिरा उठत, म्हणून फिरणं बंद असे. एका रविवारी मात्र लवकर जाग आली, तेव्हा त्यांनी काकांचं दार वाजवलं. सून म्हणाली, “बाबा केव्हाच वर जाऊन आले, आंघोळीला गेलेत. रविवारी झपाझप चालून घेतात. एरवी तुम्ही असता ना बरोबर. तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, म्हणून बेतानं जातात.”

भास्करराव घरी परतले. “इतक्यात आलात?” बायकोनं विचारलं. इतके दिवस मिरवलेली माणुसकी चहाच्या घोटाबरोबर गिळताना त्यांना जोराचा ठसका लागला.

सोमवारी पहिल्या वळणावर काका टेकणार, तोच भास्कररावांनी कठडा गाठला. छाती धपापत होती. नेहमीसारखीच.

“काका, दमलो. खरं सांगायचं तर रोजच दमतो.”

काका त्यांच्या शेजारी बसले.

“बरं झालं बोललात. दमल्याचं सोंग करून करून मी खरंच दमलो होतो.”