खालच्या मजल्यावरचा चहा

"बँकेचा माणूस फ्लॅट बघून गेलाय ना, ताई? मग या बाई कशाला?" दलाल कुरकुरला.

"बँकेनं तिच्या कर्जापुरतं बघितलं. वीस वर्षं हप्ते मला भरायचेत," मृदुला म्हणाली. दलाल स्वतःचाच सर्व्हेअर सुचवत होता. म्हणजे चोराच्याच हाती पंचनामा! तो नाकारून तिनं घरांची तपासणी करणाऱ्या पाटणकरबाई शोधल्या होत्या.

बाईंनी न्हाणीघरात चार बादल्या पाणी ओतलं आणि खालच्या मजल्यावर जाऊन तिथल्या काकूंकडे खुशाल चहा मागितला.

अर्ध्या तासात काकूच तणतणत वर आल्या. "माझं छत पुन्हा गळतंय! तीन वर्षं सांगतेय, मालक ऐकत नाही!"

"आधी दुरुस्ती, मग सही," मृदुलानं बजावलं. दलाली बुडेल या भीतीनं दलालानं मालकाला फोनवरच राजी केलं.

काकूंनी मृदुलाचा हात धरला. "पोरी, तूच ये गं इथं राहायला."