यंदाचं ठिगळ

थाई प्रानोमचा नवरा म्हणून मिळालेला माझा व्हिसा आज संपत होता. कचेरीतल्या अधिकारी बाईंनी आम्ही एकत्र राहतो याचा पुरावा म्हणून घराच्या नंबराखाली काढलेला आमचा फोटो परत सरकवला. “हा गेल्या वर्षीचाच दिसतोय, मावशी. शर्ट तोच आहे. नवा फोटो आणा.” “पोरी, यानं एकवेळ बायको बदलली असती, शर्ट नाही,” म्हणत प्रानोम खुर्चीत ऐसपैस बसली. बाई हसल्या नाहीत. प्रानोमनं मला बखोटीला धरून उभं केलं. “फायलीतला जुना फोटो काढ. खिसा फाटकाय ना? यंदाच्यात ठिगळ बघ.” बाईंनी दोन्ही फोटो पाहिले, माझ्या खिशावरचं निळ्या वेलबुट्टीचं ठिगळ पाहिलं, मग वाकून प्रानोमनं कमरेला गुंडाळलेला सारोंग. तीच वेलबुट्टी, काठाशी तळहाताएवढा तुकडा कापलेला. शिक्का पडला. “पुढच्या वर्षी तरी नवा शर्ट घाला, काका.” “नवं ठिगळ लावते. सारोंग अजून बराच शिल्लक आहे.”