हळदीचा धवला

उरणच्या मांडवात चांगुणाबायने नातीच्या हळदीचा धवला गायला घेतला. जहाजावर नोकरीला असलेला मुलगा, नवरीचा बाप, आईचं गाणं ऐकायला मोबाईलवरच्या लाइव्हला येऊन बसला होता.

दुसऱ्याच ओळीला लाइव्ह बंद पडलं. सुनेने पडद्यावरची सूचना वाचली. "आये, हे गाणं परदेशी कंपनीच्या मालकीचं हाय."

"मला सासूनं शिकवलंय!"

"मंग गेल्या साली रेकॉर्डिंगच्या कागदावर अंगठा कोनी दिला?" चांगुणाबायची लेक हसली. "आता गप ऱ्हा. नायतर दादाला हलद दिसाची नाय."

चांगुणाबाय गप्प बसली. लाइव्ह सुरू झालं. लगेच मुलाचा मेसेज आला, "आय का गात नाय?"

"त्यांचा घसा बसलाय," सुनेने टाइप केलं.

"काय बोलला?" चांगुणाबायने विचारलं.

"पोर छान दिसते, बोलले."